ओट्याखालच्या माश्या

माझी सासू मनकर्णाबाई तोंडाची लय फटकळ. ती बोलायला लागली की मेंढरंबी बाजूला सरकत्यात. पण आमच्या ओट्याखालच्या बारक्या काळ्या मधमाश्यांशी मात्र तिचं तोंड गोड. चिलटापेक्षा जराशा मोठ्या त्या, डंख न्हाई. जमिनीत हातभर खोल घर, अन् ओट्याच्या पायथ्याला मेणाची बोटाएवढी नळी, तेवढंच दार. "डंख न्हाई, म्हणून दार बारीक ठिवत्यात बिचाऱ्या," म्हणायची. सारवताना तेवढी जागा ती कोरडी सोडायची.

औंदा घटस्थापनेच्या आधी ती मेंढरं घेऊन गंगाखेडकडं गेली. माझ्या लग्नाच्या अकरा वर्सांत पयल्यांदा माझ्यावर घर सोडून गेली. मी सगळं सारवलं, ओटाबी, काठोकाठ. सणासुदीला तेवढंच ठिगळ कशाला? नळी मोडली तर दुसरी करतील, म्हणून तिच्यावरूनबी हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी बघते, तर बाहेर अडकलेल्या माश्या वाळल्या सारवणाला चिकटून बसलेल्या. खुरपं घेऊन उकरायला गेले, तर आतली मेणाची मधाची बोळकीच फुटली. पातळ मध मातीत वाहिला अन् घंटाभरात मुंग्या आल्या. त्यायनी माश्यांची पिल्लंसुदिक सोडली न्हाईत. मी रडले. अन् रडून झाल्यावर भोक बुजवून परत सारवलं. एवढी मी शहाणी.

म्हातारी आली. रोज सकाळी ओट्यापाशी बसायची. पयल्या दिवशी म्हणली, "दव हाय, उशिरा निघतील." दुसऱ्या दिवशी म्हणली, "आभाळ हाय." मी चहा देऊन घरात पळायचे. नवऱ्यानं, बिरूनं, काय झालं म्हणून इचारलं तर त्याच्यावरच खेकसले. भ्या तिच्या शिव्यांचं न्हवतं. परत कवा ती माझ्यावर घर सोडंल का, ह्याचं होतं.

चौथ्या दिवशी तिच्याजवळ बसले अन् सगळं सांगून टाकलं. वाटलं, आता फाडून खाती.

तिनं सारवणावरून हात फिरवला. मग म्हणली, "मला आल्या आल्याच कळालं, बबिता. मुंग्यांची रांग तुझ्या सारवणाखाली जायली होती. तू कवा सांगतीस, त्याची वाट बघायलते मी."