नाकाची तोंडी परीक्षा

माझ्या मुलीने उल्हासनगरच्या कॉलेजात बी.एस्सी.ला केमिस्ट्री घेतलं आणि बदलापूरच्या आमच्या स्वयंपाकघरात मी एक्सटर्नल झाले. प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बाहेरच्या कॉलेजातून एक अनोळखी परीक्षक येतो, तो एक्सटर्नल. आपले सर ओळखीचं हसतात. एक्सटर्नल हसत नाही. तो चष्म्यावरून बघतो आणि विचारतो, "का?" त्या एका अक्षराने मुलांचं वर्षभराचं पाठांतर उडून जातं.

मी स्वतः बारावी आर्ट्स. केमिस्ट्रीतलं मला ओ की ठो कळत नाही, पण नाटक मला कोणी शिकवावं लागत नाही. यांचा वाचायचा चष्मा नाकाच्या टोकावर चढवायचा, हातात सांडशी धरायची, ओट्यावर वही उघडी ठेवायची आणि कपड्यांच्या घड्या घालणाऱ्या पोरीला प्रश्न टाकायचे. ती अडखळली की मी सांडशी वाजवून म्हणायचे, "पुढच्या वर्षी या." पहिल्या वर्षी ती चिडायची. तिसऱ्या वर्षापर्यंत परीक्षेच्या आदल्या दिवशी मला स्वतःच बोलवायला लागली.

हे अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटवर आहेत. आमच्या बिल्डिंगमध्ये यांना मान होता तो नाकामुळे. आमच्याकडे वारा फिरला की हवेत काय काय येतं ते इथल्या माणसांना सांगायला नको. संध्याकाळी कोणाला घशात खवखवलं की खालून हाक यायची, "काका, उघडू का खिडक्या?" हे गॅलरीत उभे राहायचे, डोळे मिटायचे, लांब श्वास घ्यायचे आणि निकाल द्यायचे. "काही नाही, उघडा." मग वरपासून खालपर्यंत खिडक्या धडाधड उघडायच्या. मला तेव्हा मंत्र्याची बायको असल्यासारखं वाटायचं.

एका दुपारी मुलगी कॉलेजातून आली ती पिरिडीन अंगावर सांडून. पिरिडीन म्हणजे काय हे मी सांगू शकत नाही, पण त्याचा वास सांगते. चार दिवस उन्हात राहिलेली मासळी जळक्या रबरात गुंडाळली तर जे होईल ते. तळमजल्यावरच्या बाईने दार लावून घेतलं. मी अ‍ॅप्रन चिमटीत धरून बाथरूमकडे पळाले. हे टेबलाशी जेवत होते. पोरगी यांच्या अगदी बाजूला जाऊन उभी राहिली. यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि विचारलं, "आज प्रॅक्टिकल नव्हतं का गं?"

यांचं ताट संपेपर्यंत ती तिथेच उभी राहिली. नंतर स्वयंपाकघरात येऊन माझ्या कानात म्हणाली, "मम्मी, रविवारी पप्पांची व्हायवा घेऊ."

मला कारण विचारायचंही सुचलं नाही. नाटक म्हटलं की मी तयार. रविवारी जेवणं झाल्यावर यांना खुर्चीत बसवलं, डोळ्यांवर ओढणी बांधली, सांडशी वाजवली. "उमेदवाराने फक्त वास घेऊन पदार्थ ओळखायचा आहे." हे खूश होते. यांच्यासाठी हा पेपर म्हणजे घरच्या मैदानावरचा सामना.

मी डबी उघडून नाकाशी धरली. "हिंग," हे लगेच म्हणाले. मी पूर्ण मार्क दिले. पोरीने मात्र माझा हात धरला आणि खुणेने सांगितलं, डबी नको, वाटी. हिंगाच्या डबीचं झाकण उघडताना जो टक् आवाज होतो तो घरातल्या कोणालाही ओळखू येतो, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मग वाट्या सुरू झाल्या. व्हिनेगरला हे म्हणाले, लवंग. मी अर्धा मार्क दिला, सहानुभूतीचा. फिनाइलची वाटी धरली. हे जरा थांबले, मान डोलावली आणि म्हणाले, "गुलाबपाणी." मी खो खो हसले. इतकी हसले की सांडशी खाली पडली. ती उचलायला वाकले तेव्हा लक्षात आलं, खोलीत मी एकटीच हसत होते.

शेवटची वाटी पोरीने धरली. तिच्यात नळाचं पाणी होतं. यांनी कितीतरी वेळ वास घेतला. कपाळावर घाम आला होता.

"हलका आहे," हे म्हणाले. "पण आहे. कापूर."

पोरीने ओढणी सोडली. "पप्पा, कधीपासून?"

यांनी आधी चष्मा मागितला. तो माझ्या नाकावर होता. तो घालून, जमिनीकडे बघत सांगितलं, करोना झाला तेव्हा वास यायचा गेला तो परत आलाच नाही. महिन्याभराने आला असं आम्हाला सांगितलं, कारण कंपनीत लोक विचारायला लागले होते. त्यानंतरच्या प्रत्येक उन्हाळ्यात या माणसाने आंब्याची पेटी उघडून "वा, काय घमघमाट" म्हटलेलं आहे. मी स्वतःला घरातली नटी समजत होते.

मग पोरीने प्लांटवर नेमकं काय करता ते विचारलं आणि यांनी सांगितलं. जमिनीखाली खोल टाकी आहे. तळाशी गाळ साचतो. तो काढायला ठेकेदाराची माणसं येतात. हे झाकण उघडतात, थोडं थांबतात, वाकून वास घेतात आणि म्हणतात, "उतरा." गॅस मोजायचं यंत्र आहे, पण ते ऑफिसच्या कपाटात, खराब होऊ नये म्हणून. माणसांचा यंत्रापेक्षा यांच्यावर भरवसा.

पोरगी खुर्चीवर बसली. हळूहळू, लहान मुलाला सांगावं तसं तिने यांना समजावलं. त्या गाळातून येणारा गॅस थोडा असला की सडक्या अंड्यासारखा वास येतो. फार झाला की तो आधी नाक मारतो. वास एकदम जातो आणि माणसाला वाटतं गॅस गेला. "म्हणजे तुमचं नाक चांगलं असतं तरी चाललं नसतं, पप्पा."

"इतकी वर्षं कोणाला काही झालं नाही," हे म्हणाले आणि आडवे झाले. झोप मात्र लागली नाही. मी बघत होते.

सोमवारी तिने कॉलेजात सरांना विचारून गाळणकागदाच्या पट्ट्या लेड अ‍ॅसिटेटमध्ये बुडवून वाळवून आणल्या. पांढऱ्या राहिल्या तर ठीक. तपकिरी किंवा काळ्या झाल्या तर गॅस आहे. तोंडात घालू नका, विष आहे, पट्टी ओली करून दोऱ्याने आत सोडा. हे हसले. पोरीने शाळेत केलेलं राखीचं फूल खिशात ठेवावं तशी एक पट्टी यांनी शर्टाच्या खिशात ठेवली.

मंगळवारी संध्याकाळी हे आले ते बूट न काढता थेट टेबलापर्यंत. पट्टी मेणकापडावर ठेवली. ती काजळासारखी काळी होती आणि कडेला चमकत होती.

"झाकण फक्त अर्धं सरकवलं होतं," हे म्हणाले. "मी वाकलो होतो. मला काहीच कळलं नाही."

"माणसं?" मी विचारलं.

"सफाई उद्या आहे."

यांनी सुपरवायझरला फोन लावला. आधी म्हणाले, उद्या कोणाला उतरवू नका. तो कारण विचारत राहिला. हे दोनदा काहीतरी दुसरंच बोलले आणि शेवटी ते बोलले जे बाहेर कोणालाच सांगितलं नव्हतं.

"साहेब, मला वास येत नाही."

पलीकडचा आवाज आम्हा दोघींनाही ऐकू आला. अगदी प्रेमळ आवाज. "अरे मामा, एवढंच ना? टेन्शन नका घेऊ. उद्या दुसऱ्या कोणाला तरी वास घ्यायला लावतो."

पोरीने फोनसाठी हात पुढे केला, तोवर त्याने ठेवून दिला होता.

बुधवारी हे पहिल्या पाळीच्याही आधी गेले. तिथे प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि त्या झाकणावर मांडून बसले. यंत्र कपाटातून बाहेर येईपर्यंत उठणार नाही म्हणाले. किल्ली ज्याच्याकडे असते तो रजेवर होता. ठेकेदाराची माणसं बाजूला तंबाखू मळत बसली, दुपारी निघून गेली.

सफाई रद्द झालेली नाही, फक्त पुढे ढकललेली आहे. यंत्र अजून कपाटातच आहे. आमच्या पोरीने दिलेल्या पट्ट्या यांच्या खिशात रोज असतात. हल्ली सुपरवायझर स्वतःहून यांच्यासाठी चहा मागवतो, पाठीवर हात ठेवतो आणि विचारतो, "मामा, किती दमलात. रजा कधी घेताय?"