उंदरांपुढचं गाऱ्हाणं

"घरात उंदीर आहेत का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

मी म्हटलं, "लालबागच्या चाळीत तळमजल्यावर राहतो. आहेत."

"पेशंटच्या पायाला जखम होती?"

"टाचेला भेगा. त्या काय, सगळ्यांनाच असतात."

वयाने माझ्या लेकीएवढी, मनीषाएवढी असेल ती. तिने हातातला कागद खाली ठेवला आणि मला कळेल असं सांगितलं. लेप्टो म्हणतात त्याला. उंदराच्या मुतातून येतो. ओल्या जमिनीवर अनवाणी चाललं की भेगेतून आत जातो. किडन्या बंद पडल्यात, आता फुप्फुसात उतरलंय. "आजी, कुणाला बोलवायचं असेल तर बोलावून घ्या," म्हणाली.

काचेपलीकडे आमचे हे झोपले होते. हळद लावल्यासारखे पिवळे. मला तेव्हा रडू आलं नाही. एकच गोष्ट डोक्यात फिरायला लागली — त्या संध्याकाळी तांदूळ निवडता निवडता मी काय बोलले होते ती.

माझं शिक्षण चौथी. भूतखेत, करणी, अंगात येणं — असलं काही मी मानलं नाही आणि आजही मानत नाही. मोबाइलवरच्या तुमच्या या पानावर लोक असल्या गोष्टी लिहितात, त्या मनीषा मला वाचून दाखवते. त्यातल्या निम्म्या मला थापा वाटतात. माझी वाटली तर वाटू दे. पण मी पाहिलं ते असं आहे.

आमची चाळ लालबागच्या बाजारामागे. खोली एक, त्यातच मोरी, वर पोटमाळा. संडास पॅसेजच्या टोकाला, सगळ्यांचे मिळून, आणि पॅसेज कायम ओला. उंदीर पहिल्यापासून होतेच. पण समोरची चाळ टॉवरसाठी रिकामी केली आणि पाडायला घेतली, तेव्हा तिथली माणसं ट्रान्झिट कॅम्पात गेली आणि तिथले उंदीर आमच्याकडे आले. घुशी नव्हेत, साधे काळे उंदीर. पण किती... दिवसाढवळ्या भांड्यांच्या फळीवरून चालत जायचे, भाडं भरल्यासारखे.

त्याच सुमाराला मनीषा बाळंतपणाला आलेली. पोर सातव्या महिन्यात झाली. मूठभर जीव. परळच्या हॉस्पिटलात दर आठवड्याला वजन करायला न्यावं लागायचं, म्हणून विरारला सासरी परत पाठवायची सोय नव्हती. खोलीत आम्ही चार माणसं — मी, हे, मनीषा आणि ती पोर.

मी करायचं ते सगळं केलं. बिळांत काचा आणि सिमेंट भरलं. पिंजऱ्यात कांदाभजी लावली — भजी गेली, पिंजरा उघडाच. गमचा पुठ्ठा ठेवला, त्याला ह्यांचा पाय चिकटला. औषध ठेवायची सोय नव्हती, बाळाचं घर. शेजारची कुसुम दारात उभी राहून मला शिकवायची. "अगं हळू बोल. उंदीर म्हणू नये, मामा म्हणावं. ऐकतात ते."

"ऐकतात ना? मग सांग त्यांना, तुझ्याकडे फ्रिज आहे, तिकडे जा म्हणावं."

"तुझ्या तोंडामुळेच तुझ्याकडे जास्त येतात," ती म्हणायची.

मग एका सकाळी मनीषा किंचाळली. पोरीच्या पायातला लोकरी मोजा अंगठ्यापाशी कुरतडलेला, आणि अंगठ्याला ओरखडा. रक्त थेंबभरच. पण तो अंगठा हरभऱ्याएवढा होता. हॉस्पिटलात नेलं, एवढ्याशा पोरीला इंजेक्शनं दिली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, पुन्हा असं झालं तर हिला झेपणार नाही.

 हे गिरणीत होते तेव्हापासून ह्यांचं बोलणं कमीच. गिरणी बंद झाल्यावर वॉचमनकी केली, तीही सुटली, मग चाळीच्या भजनात पखवाज वाजवायचे तेवढंच. त्या संध्याकाळी दिवा लागला आणि हे नारळ घेऊन मोरीशी उभे राहिले. मोरीच्या कोपऱ्यातलं बीळ सगळ्यात मोठं.

आम्ही मालवणकडचे. आमच्यात काही अडलं की गाऱ्हाणं घालतात. नारळ हातात घेऊन देवाला आणि जागेच्या राखणदाराला मोठ्याने सगळं सांगायचं. अडचण काय, मागणं काय. सांगणारा थांबला की बाकीच्यांनी 'होय म्हाराजा' म्हणायचं. लग्न असो, नवी खोली असो, पोराची दहावी असो, गाऱ्हाणं असतंच. पण उंदरांच्या बिळापुढे कुणी घातलेलं मी ऐकलं नव्हतं.

"तुमचा डोक्या फिरला काय?" मी म्हटलं.

"गप रव. होय म्हण फक्त," ते म्हणाले.

कुसुम आली, मनीषा पोरीला घेऊन बसली. मी तांदूळ निवडत होते, ते निवडतच राहिले.

"बा जागेवाल्या म्हाराजा," ह्यांनी सुरू केलं, "तुझी लेकरा हयसर ऱ्हवतत."

"होय म्हाराजा."

"समोरची चाळ पाडली, तिकडची मुकी जनावरा आमच्यात इली. त्येंची चूक नाय, आमचीव नाय."

"होय म्हाराजा."

"पण ह्या घरात बाळ आसा. त्येच्या अंगाक परत दात लागूचो नाय. त्येच्या आवशीच्या, आजयेच्या कशाकच लागूचो नाय."

"होय म्हाराजा."

"आणि त्येंका कायतरी व्हयाच आसात, तर माझा जा काय आसा, ता घेवंदेत रे म्हाराजा."

"होय म्हाराजा," कुसुम म्हणाली, मनीषा म्हणाली, मी म्हणाले.

गाऱ्हाण्याला होय म्हणायला कान लागत नाही. सवय लागते. मी लहानपणापासून म्हणत आलेय. माझं जे काही आहे ते उंदरांना घेऊ देत, असं ते बोलले हे मला खडा टाकून दुसरी मूठ ताटात घेतल्यावर कळलं. तोवर नारळ फुटला होता.

दुसऱ्या दिवसापासून पोरीजवळ उंदीर फिरकला नाही. दूध सांडलेलं दुपटं जमिनीवर तसंच राहायचं, तरी नाही. मी म्हटलं, चला, काचांचा उपयोग झाला.

पण ह्यांच्या वस्तू जायला लागल्या. आधी लेंगा. मग चष्म्याची दोरी. मग पखवाजाची एक बाजू, चामडं मधोमध फाडलेलं. ह्यांनी त्यावर हात फिरवला आणि गवसणी घालून तो पोटमाळ्यावर ठेवून दिला. दांडीवर खाली माझं लुगडं, मध्ये ह्यांचा सदरा, वर मनीषाचा गाऊन आणि पोरीची लंगोटी असे एकावर एक वाळत असायचे. भोकं सदऱ्याला. वरच्या गाऊनला नाही, खालच्या लुगड्याला नाही. आता मधल्या कपड्याला भोक पाडायचं आणि वरखाली दात लावायचा नाही, हे कसं करतात ते मला कुणी दाखवावं.

मी म्हटलं, घामाचा वास असेल. हे तंबाखू खायचे, तिचा वास असेल. कुसुम म्हणाली, "वास कसला. त्यांनी दिलंय, ते घेतायत."

"तू घरी जा," मी म्हटलं.

वासाचा सोक्षमोक्ष लावायचा म्हणून मी बाजारातून दोन कोरे बनियन आणले. एकाच मापाचे, एकाच कंपनीचे. एक ह्यांना, एक जावयाला. कुठला कुणाला ते मी मनातसुद्धा ठरवलं नव्हतं. लोखंडी कपाटात एकावर एक घडी घालून ठेवले. कपाटाला फट नाही, किल्ली माझ्या कनवटीला. चार-पाच दिवस रोज बघत होते. दोन्ही जसेच्या तसे. मला बरं वाटलं. वासच तो, म्हटलं.

मग एकदा चहा पिताना कपाट उघडं होतं. मी ह्यांना म्हटलं, "वरचो तुमचो, खालचो जावयाचो."

"बरा," ते म्हणाले. बनियन ना कुणी घातला, ना कुणी हातात घेतला. मी कपाट बंद केलं.

सकाळी वरच्याच्या छातीवर भोक होतं. आरपार, पुढून आणि मागून. खालच्याला सुरकुतीसुद्धा नाही. कपाटात लेंडी नाही, केस नाही, काही नाही. मी कपाट सगळं रिकामं केलं, पाठीमागून हात फिरवला, खाली दिवा धरून बघितलं. लोखंडच लोखंड.

तेव्हा मी पहिल्यांदा घाबरले. कपड्यांसाठी नाही. 'माझा जा काय आसा' यात कपडेच येतात असं थोडंच आहे.

मी ह्यांना म्हटलं, "ता गाऱ्हाणा मागे घेया."

"घातलेला मागे घेत नाय."

"उंदरांक शब्द दिल्यात काय?"

"ऐकणाऱ्याक दिलंय," ते म्हणाले. "पोरीचा वजन वाढला मां? मग झाला."

वाढत होतं. ते खरंच होतं. 

मनीषा पोरीला घेऊन हॉस्पिटलात गेली होती, कुसुम तिच्या सोबतीला, त्या दुपारी मी स्वतःच नारळ घेतला. बायका सहसा गाऱ्हाणं घालत नाहीत. मला शब्दही नीट येत नाहीत. मोरीशी उभी राहिले आणि म्हटलं, "ह्येंचा काय नेव नको रे म्हाराजा. ह्येंनी रागान म्हटल्यानी."

आणि थांबले. गाऱ्हाण्याला होय म्हणणारा लागतो. त्याशिवाय ते पुरं होत नाही. खोलीत हे एकटेच होते, खाटेवर बसलेले.

"म्हणा," मी म्हटलं.

 "मी रागान नाय म्हटलेलंय," म्हणाले.

"म्हणा हो... एकदा म्हणा."

"चाय ठेव जरा," ते म्हणाले.

मी नारळ तसाच फळीवर ठेवला आणि चहा ठेवला. दोघांनी प्यायला. इतकी वर्षं संसार केला, पण मी त्यांच्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. हे एवढंच मागितलं.

मग त्यांच्या चपला गेल्या. मी नवीन आणल्या, त्याही गेल्या, अंगठे तेवढे कातरलेले. तिसऱ्या आणायला निघाले तर म्हणाले, "ऱ्हव दे. खयसर जातंय मी? संडासापर्यंत." माझ्या घाला म्हटलं, तर पाय मावेना. ते त्या ओल्या पॅसेजमधून अनवाणी जायचे. टाचेला भेगा.

ताप आला तेव्हा आम्हाला वाटलं साधा ताप. पोटऱ्या दुखतात म्हणाले, मी तेल चोळलं. डोळे लाल झाले. मग पिवळे झाले. मग ती डॉक्टरीणबाई, ती काच.

त्यांना भेटायला आत सोडलं तेव्हा तोंडावर मास्क होता. त्यांनी बोटांनी विचारलं — पोर? मी म्हटलं, "बरी आसा. अडीच किलो झाली." त्यांनी डोळे मिटले, होय म्हटल्यासारखे. दुसऱ्या दिवशी गेले.

डॉक्टरीणबाईंनी आम्हाला सगळ्यांना गोळ्या दिल्या. म्हणाल्या, एकाच खोलीत राहता, तोच पॅसेज, तेच पाणी, तुम्हालाही होऊ शकतं. आमच्या रक्तात काही निघालं नाही. मी त्यांना बनियनची गोष्ट सांगितली. त्यांनी ऐकून घेतली, हसल्या नाहीत. म्हणाल्या, "आजी, चपला नव्हत्या म्हणून इन्फेक्शन झालं. एवढंच मला माहीत आहे." मलाही तेवढंच माहीत आहे. चपला का नव्हत्या, ते मला सांगता येत नाही.

चाळीत उंदीर अजून आहेत. कुसुमच्या फ्रिजची वायर खाल्ली, पलीकडच्यांची गॅसची नळी खाल्ली, वास आला म्हणून वाचले. आमच्या खोलीत येतात, मोरीतून जातात, मी बघते. कशाला तोंड लावत नाहीत. हॉस्पिटलातून पिशवीत परत आलेला ह्यांचा सदरा मी धुऊन खुंटीला टांगला. मुद्दामच टांगला. वाट बघितली. आज पोर चालायला लागली, तरी त्या सदऱ्याला एक दात नाही. तो आता त्यांचा राहिला नाही, म्हणून असेल. की आणखी काही असेल. मला माहीत नाही.

कुसुम म्हणते, "तुझ्या घरधन्याने शब्द पाळला." मी तिला म्हणते, तू घरी जा.

मला वाईट त्या गाऱ्हाण्याचं वाटत नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच मागितलं असतं. वाईट वाटतं ते माझ्या त्या दुपारच्या नारळाचं. तो फळीवर तसाच सुकला. हलवला की आत खुळखुळ वाजतो. फोडायला मन होत नाही, टाकायलाही नाही.

त्या खोलीत आम्ही चार माणसं होतो. मी, मनीषा आणि तिची पोर, अशा तिघी वाचलो.