पंगत उठल्यावर

एकोणीसशे चौसष्ट साली पद्मावती कानडी मुलखातल्या राजाजीनगरातून रोज कारखान्याच्या बसनं घड्याळं जोडायला जाई. तयार घड्याळं पारखण्यासाठी तिथं काही दिवस नुसती चालत ठेवत. कुणाच्याच मनगटावर नसलेला तो वेळ पाहिला की तिला कसंसंच होई. एकदा डब्याच्या सुट्टीत तेच बोलणं निघालं, तेव्हा बेळगावकडची चंपा म्हणाली, "एवढा वेळ फुकट मिळाला तर काय करशील गं अक्का?"

"आधी तू सांग."

"झोपीन. नवऱ्यानं दहा हाका मारल्या तरी उठायची नाही."

सगळ्या हसल्या. घरी अत्ते आहेत, एवढंच पद्मावती म्हणाली. ते उत्तर नव्हतं हे तिलाही कळत होतं, आणि ते तिला दिवसभर टोचत राहिलं.

अत्ते म्हणजे तिची सासू, गोदूबाई. दोन वर्षांपूर्वी त्यांचे पाय गेले, मागोमाग नजर गेली. तेव्हापासून त्यांच्यापाशी वेळच वेळ होता आणि तो त्या स्वयंपाकात घालवत. खाटेवर पडल्यापडल्या हात हवेतच चालत. तांदूळ निवडायचे, नारळ खवायचा, चुलीतलं लाकूड मागं ओढायचं. कधीकाळच्या तीस माणसांच्या घराचं जेवण त्या पहाटेपासून रांधून काढत. डाळ शिजायला लागेल तेवढा वेळ खरोखर थांबत. वाढणं मात्र कधी संपत नसे.

एका रविवारी दुपारी पद्मावती त्यांचे केस विंचरत होती.

"अत्ते, तुम्ही निवांत बसणार कधी?"

"पंगत उठली की बसेन गं स्वल्प, जराशी. हयवदनभावजींना अजून सारू वाढायचंय."

हयवदनभावजींना जाऊन अठरा वर्षं झाली होती. पद्मावतीला वाटलं, या बाईला एकदा तरी बसू द्यावं. शिवाय बसल्यावर ती काय करते, ते पाहायचं होतं. ते कळलं तर आपल्यालाही काही सुचेल.

"सगळ्यांचं झालं, अत्ते. पंगत उठली. उष्टीसुद्धा काढली मी. आता निवांत बसा."

गोदूबाईंचे हात थांबले.

"तुझं झालं?"

"झालं."

"सरी, बरं तर."

हात चादरीवर पडून राहिले, दुसऱ्या कुणीतरी तिथं ठेवून विसरल्यासारखे. पद्मावती वाट पाहत होती. एखादं गाणं, एखादं गाव, कुणाचं तरी नाव, काहीतरी आता येईल.

"पद्दू, मग आता काय करू?"

"तुम्हाला वाटेल ते करा."

"म्हणजे काय?"

त्यांची बोटं चादर चाचपू लागली. चेहऱ्यावरून एकेक ओळख निघून जात होती. "सांग की गं. काय करू?"

पद्मावतीनं आपल्यात खोलवर शोधलं. तिथंही काही हवं असणारं कुणी नव्हतं.

"पाहुणे आलेत, अत्ते," ती घाईघाईनं म्हणाली. "बारा पानं वाढतील."

"आधी सांगायला काय झालं होतं?" गोदूबाई करवादल्या. हात तांदळांकडे वळले, चेहरा पुन्हा जागेवर आला. "आणि तू अशी उभी नको राहूस. विळी घे, भोपळा चीर."

खाटेजवळ ना विळी होती, ना भोपळा. पद्मावती खाली बसली, विळी मांडली आणि चिरायला लागली.