एका मोसमाचा खेळ

मला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. बावीस माणसं एका चेंडूमागे धावतात आणि घरातली माणसं टीव्हीसमोर बसून त्यांना शहाणपण शिकवतात, एवढंच माझं ज्ञान. पण दादाच्या मित्रांच्या त्या लीगबद्दल मला सगळं माहीत आहे. शेवटच्या वर्षी त्याला गाडीतून न्यायचं-आणायचं काम माझ्याकडे होतं, आणि कोपऱ्यात बसून नुसती मान डोलवणाऱ्यांतली मी नाही. घरात मला ठिणगी म्हणतात ते उगाच नाही.

दादा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा. पुढे काउंटरवर आरसे नि दिवे, आणि मागच्या खोलीत हा, पाण्याखाली गरगर फिरणारं चाक आणि काचेच्या भुकटीनं पांढरी झालेली बोटं. काचेवर शाईचा बारीक ठिपका द्यायचा, आणि तो ठिपका बरोबर माणसाच्या बुबुळासमोर येईल अशी काच फ्रेममध्ये बसवायची. जरा इकडेतिकडे झालं की गिऱ्हाइकाचं डोकं दुखायला लागतं. दादानं आयुष्यभर ते एक काम केलं. मित्र त्याला भिंग म्हणायचे. कुणाच्या अध्यात ना मध्यात असा माणूस, पण रविवारच्या सामन्यांचा विषय निघाला की त्याला वेगळाच चेव यायचा.

त्यांची लीग अशी. सहा मित्र. मोसम सुरू व्हायच्या आधी बसून खरे खेळाडू आपसात वाटून घ्यायचे, एकानं घेतलेला दुसऱ्याला मिळणार नाही. मग त्या खेळाडूंनी खऱ्या सामन्यांत जे काय दिवे लावले असतील त्याचे गुण ज्याच्या त्याच्या खात्यात. मोसम संपला की सगळ्यांत जास्त गुण ज्याचे, त्याला कप. कप म्हणजे त्या सहांतल्या मास्तरांनी त्यांच्या शाळेच्या अडगळीतून उचललेला, एक कान तुटलेला. तो प्रत्येकाच्या घरी वर्ष-वर्ष राहून आला होता. दादाच्या घरी कधीच नाही. दादा दरवर्षी शेवटून पहिला किंवा दुसरा, आणि दरवर्षी मित्र म्हणायचे, भिंगा, तू दुसऱ्यांनाच नीट दिसेल असं बघ.

मग त्याचं दुखणं निघालं. डॉक्टरीणबाई चांगल्या होत्या, त्यांनी फिरवून फिरवून सांगितलं नाही. पुढचा उन्हाळा बघाल, त्यापुढचं मी बोलणार नाही, म्हणाल्या. दादानं ते वहिनीला सांगितलं, मला सांगितलं, आणि मित्रांनाही त्यानं स्वतःच फोन करून सांगितलं. कुणाकडून उडत उडत कळायला नको, म्हणाला.

त्यानंतरची पहिली बैठक रविवारी सकाळी दुकानाच्या मागच्या खोलीत होती. दुकान बंद, स्टुलं कमी, मी दाराशी खोक्यावर बसलेले. चहा झाल्यावर मास्तरांनी घसा साफ केला.

"मी म्हणतो, यंदा लीगचा प्रकार बदलू या. दरवर्षी नवी वाटणी, नवा डाव, कंटाळा आला. तीन वर्षांची करू. आज घेतलेले खेळाडू तीन वर्षं आपलेच. कोवळी पोरं घ्यायची, ती मोठी होताना बघायची. कप तिसऱ्या वर्षाच्या शेवटी."

"लांब पल्ल्याचं बरं असतं," ड्रायव्हर म्हणाला. तो बस चालवतो, त्याला सगळं जग म्हणजे रस्ता. बाकीच्यांनी लगेच माना हलवल्या. फारच लगेच. एरवी ही माणसं बिस्किटं कुठली आणायची यावरून अर्धा तास घालवतात. माझ्या लक्षात आलं, हे आधीच ठरवून आलेत. एका वर्षाची लीग असं दादासमोर म्हणायची त्यांची छाती होत नव्हती. त्याला वाटेल, आपले दिवस मोजतायत. म्हणून तीन वर्षं. प्रेमानं केलं होतं, तेच तर अवघड होतं. दुष्टपणानं केलं असतं तर मी तिथंच एकेकाची खरडपट्टी काढली असती.

हात वर करून मत घेतलं. दादा तेवढा वेळ एक काच फडक्यानं पुसत राहिला. त्यानं हात वर केला नाही, आणि केला नाही हे कुणी बघितल्याचं दाखवलं नाही.

 गाडीतून परत जाताना सिग्नलला थांबलो तेव्हा दादा म्हणाला, "तीन वर्षं दिली गं त्यांनी मला. मला एकच हवं होतं."

सिग्नल सुटला, मी गाडी पुढे काढली.

"मला तो कप एकदा घरी आणायचाय. हसू नकोस."

"मी हसतेय का?" मी म्हटलं. रस्ता दिसत नव्हता मला, हसते कसली. "मग सांग ना त्यांना तसं."

"कसं सांगू? मास्तरांचं तोंड बघवणार नाही."

"आणि तुझं तोंड कुणी बघायचं? तुला जमत नसेल तर मी सांगते."

"तू सांगितलंस तर ते भांडण होईल," दादा म्हणाला. "मी बोलतो."

पुढच्या रविवारी खेळाडू वाटून घ्यायचे होते. सगळ्यांनी फोन उघडले. पहिला कोण निवडणार म्हणून चिठ्ठ्या टाकायला घेतल्या, तेव्हा दादा उभा राहिला. उभं राहायला त्याला चाकाचा कठडा धरावा लागला.

"वाटणीआधी एक सांगायचंय," तो म्हणाला. "तिसऱ्या वर्षी मी नाही. दुसऱ्याही नाही. तुम्हाला ठाऊक आहे, मलाही ठाऊक आहे. तुम्ही ते तोंडावर आणलं नाहीत, चांगुलपणा तुमचा. पण त्या नादात मला खेळातूनच काढलंत. मी असेपर्यंत जो डाव संपत नाही, त्यात मी जिंकायचं कसं?"

 मास्तर खाली बघत होते. मग त्यांनी चष्मा काढला, तो दादानंच बनवलेला, आणि डोळे पुसले.  शेवटी ड्रायव्हरनं हात वर केला आणि म्हणाला, "एकच मोसम." मग एकेकानं हात वर केले. या वेळी दादानंही केला.

"आणि कुणी माझ्यावर दया केलीत," तो बसता बसता म्हणाला, "तर मी उठून चालता होईन."

त्या मोसमात दादानं सगळे म्हातारे खेळाडू घेतले. आज पळणारे, उद्याचं माहीत नाही असे. त्यांनी खरंच कमाल केली. थंडीत त्याचं काम सुटलं, बाहेरच्या खोलीत खिडकीखाली पलंग आला, उशीशेजारी फोन. जेवण जात नव्हतं, पण गुण किती झाले ते विचारलं की आवाजात धार यायची. शेवटचा आठवडा उरला तेव्हा भिंग पहिला होता. ड्रायव्हर दुसरा, थोडक्यानं मागे.

त्या आठवड्यात ड्रायव्हर माझ्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानात आला. गणवेशात, आणि हातात धुवायला एकही कपडा नाही.

"ठिणगी, एक विचारायचंय," तो म्हणाला. "कप्तानाचे गुण दुप्पट मिळतात. माझा कप्तान म्हणजे तो उंच ढांग्या. तो चालला तर मी भिंगाच्या पुढे जातो. त्याच्याऐवजी पाय दुखावलेला एखादा कप्तान ठेवला, तर भिंग जिंकतो. कुणाला कळणारसुद्धा नाही. तू त्याची बहीण. तू सांगशील तसं करतो."

मी एका शर्टाला वाफेची इस्त्री करत होते. कॉलर पुन्हा पुन्हा दाबत राहिले. मला हो म्हणायचं होतं. अगदी जिभेवर आलं होतं. माझा भाऊ चालला होता आणि त्याला एक मोडका कप हवा होता, त्यात कुणाचं काय जात होतं?

"तुम्ही आत्ता जसं तोंड करून उभे आहात," मी म्हटलं, "तसंच तोंड घेऊन कप द्यायला जाल. त्याला एका नजरेत कळेल. तो कप मग तो भिरकावून देईल, आणि तुम्हालाही. खेळा."

तो खेळला. उंच ढांग्यानं दोन गोल केले.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर घरी आला, रिकाम्या हातानं. दाराच्या आत येऊन उभा राहिला.

"कप्तान तोच ठेवलास?" दादानं विचारलं.

"तोच."

दादानं त्याचा चेहरा निरखून बघितला. "बरं केलंस," म्हणाला. "आता जा. मला आज तुझं थोबाड बघायचं नाही." आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. ड्रायव्हर जिन्यात जाऊन बसला. मी त्याला पाणी नेऊन दिलं.

वहिनी ताट घेऊन आली. "काय झालं? दुखतंय का? गोळी देऊ?"

"नाही."

"मग जेवत का नाही?"

"हरलो ना मी," दादा भिंतीला म्हणाला.

वहिनी माझ्याकडे बघायला लागली. वर्षभर त्या घरात जो तो आवाज खाली ठेवून बोलत होता. तिनं ताट आदळलंच जवळजवळ. "हरलात तर हरलात," ती म्हणाली. "त्यासाठी माझं जेवण वाया घालवायचं कारण नाही. उठा."

तो कुरकुरत उठून बसला. दोन घास खाल्ले, आणि म्हणाला की दुसरा गोल मुळी गोलच नव्हता, त्या पंचाच्या डोळ्यांचा नंबर तपासायला हवा. मग तिसरा घास खाल्ला.

महिना संपायच्या आत दादा गेला. तो कुणावर रागावून गेला नाही. पण तो कप त्याच्या घरी कधीच आला नाही, आणि मी त्या दिवशी एक शब्द वेगळा बोलले असते तर आला असता.