पडेगावची चिंच आणि शोभाताई

शोभाताई आज पहाटे गेली.

एकदा ती माझ्या डोळ्यांदेखत मरता मरता वाचली होती. एका चिंचेच्या झाडापायी.
त्या दिवसाचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

आम्ही दोघी एकाच रोपांच्या नर्सरीत कामाला. मी पुंडलिकनगरची, ती पडेगावची.
तिच्या वस्तीतल्या बायका उन्हाळाभर घरी चिंचा फोडतात. दौलताबाद रोडवरचं एक झाड त्यांचं लाडकं. गर जाड, चिंचोके कमी. बाकीची झाडं एखादं साल हुलकावणी देतात, हे दरसाल लागायचं.

ते रस्ता रुंदीकरणात जाणार होतं.

चिंचोका पेरून तीच चिंच येईल याचा भरवसा नसतो. त्याच झाडाच्या काड्यांची कलमं बांधावी लागतात. म्हणून ताईनं खालच्या फांद्यांच्या शेंड्यांची पानं खुडून ठेवली. पानं खुडली की काडीवरचे डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, फुगतात, मग काड्या काढायच्या.

घात तिथंच झाला.
तोडणाऱ्या मुकादमाला त्या उघड्या फांद्या दिसल्या. झाड वाळतंय, कुणाच्या तरी अंगावर पडेल, म्हणून त्यानं सगळ्यांच्या आधी तेच तोडायला घेतलं.

आम्ही पोहोचलो तेव्हा कटर सुरू होता.

"वाळलं नाय दादा, पानं म्या खुडलीत. चार दिस थांबा."
"मला वर जाब द्यावा लागतो, ताई. बाजूला व्हा."

ती कसली बाजूला होतेय. पलीकडची फांदी दोर बांधून कापत होते आणि ही अलीकडच्या फांदीवर चढून कात्रीनं काड्या काढायला लागली.

मी ओरडत होते. कटर बंद करा म्हणून मुकादमही ओरडत होता.
दोर सुटला आणि ती अख्खी फांदी तिच्या अगदी शेजारून खाली आली.

धुरळ्यातून आवाज आला, "बोंबलू नको. काड्या गुंडाळायला गोणपाट भिजव."

भिजवलं. निम्मं पाणी माझ्याच पायांवर सांडलं.

डोळे पुरते फुगलेच नव्हते, त्यामुळे बहुतेक कलमं वाळली. रोज सकाळी एखादं काळं पडलेलं दिसायचं आणि ताई उरलेल्यांची माती पुन्हा पुन्हा चाचपायची.
थोडी जगली.

एका मोठ्या बागवाल्यानं ती सगळीच मागितली.
ताई म्हणाली, "एका रानात नाय ठेवायची. एका करवतीत खेळ खलास."
चिंचा फोडणाऱ्या बायकांच्या दारात एकेक गेलं. एक वैजापूरला, तिच्या भाचीकडं.

"आणि तुझ्या दारात?" मी विचारलं.
"माझं दार भाड्याचं हाय."

मग वर्षानुवर्षं वाट बघणं. काही शेळ्यांनी खाल्ली, एक पाइपलाइनच्या खोदाईत गेलं. चिंच धरेपर्यंत काही खरं नाय, म्हणायची. दवाखान्यातही 'धरली का?' एवढंच विचारत होती.

आज भाचीला फोन मीच केला. मावशी गेली, म्हटलं.

ती म्हणाली, "तिला सांगायचं राह्यलं. कालच बघितलं, चिंचा धरल्यात."

ताई, धरल्यात गं.

अखेरचा जयभीम.