इस्तेरआत्याच्या जागी मेणबत्ती

नाताळच्या आदल्या दुपारी डोळा लागतो, तो धड लागत नाही. स्वयंपाकघरात करुणा करंज्या तळतेय. तेलाचा चर्र आवाज भिंतीतून येतोय. माझ्या छातीवर फोन पडलाय आणि फोनमध्ये माझी इस्तेरआत्या आहे. म्हणजे तिचा आवाज आहे. चित्रात मेणबत्ती आहे.

आत्या गेली पावसाळ्याच्या तोंडावर. आज संध्याकाळी चर्चमध्ये तिच्या आठवणीची प्रार्थना आहे. मंडळीचे वडील, म्हणजे चर्चचे कारभारी, अहरोनराव शेलार सकाळपासून मागे लागलेत: "शांतवन, तो जुना तुकडा दे. मोठा पडदा लावू. लहान पोरांना तिचा आवाज तरी कळू दे." त्यांचं खोटं नाही. आत्याचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही. टीव्हीवरच्या नाताळच्या कार्यक्रमात ती एकदा गायली, त्यानंतर कुणी टेपरेकॉर्डर काढला, फोन काढला, की ती ओठ मिटून घ्यायची. कुणीतरी तो कार्यक्रम घरच्या कॅसेटवर उतरवून ठेवला होता आणि यंदा इंटरनेटवर टाकला. भाचीला सापडला, तिने मला पाठवला.

मी अजून दिलेला नाही. टीव्हीवाल्यांनी एकदा आत्याच्या तोंडाच्या जागी मेणबत्ती दाखवली. तीच मेणबत्ती मी आता भिंतीएवढी करून दाखवू? संध्याकाळपर्यंत हो की नाही सांगायचंय. पापण्या जड होतायत.

तेलाचा चर्र आवाज हळूहळू टीव्हीवरच्या मुंग्यांचा आवाज होतो.

"सरक जरा," आत्या म्हणते.

ती खाटेच्या पायथ्याशी बसलीय. हिरवं लुगडं, डोक्यावर पदर.

"मेल्यावरही तुला जागा पुरत नाही का गं?"

"मेल्यावर पाय लांब करायची सवय लागती. सरक."

मी सरकतो, तर खालची खाट जाऊन शाळेची फरशी लागते. थंडगार. मिशनच्या शाळेचा मोठा वर्ग आहे. पुढे टेबलावर टीव्ही, लाकडी पेटीतला, दोन्ही दारं उघडलेली. गावात एवढा एकच. मी हाफ चड्डीत आहे, पण गुडघ्यांवरचे केस पांढरे आहेत.

"ते बघ, सुरू झालं," आत्या म्हणते.

सुरू झालंय. रेशमी साडीतली निवेदिका मान किंचित तिरकी करून हसते आणि म्हणते, सर्व प्रेक्षकांना नाताळच्या शुभेच्छा. वर्षभर त्या पेटीत सगळ्यांचे सण यायचे. आम्ही दुसऱ्यांच्या दिवाळीला टाळ्या वाजवायचो, दुसऱ्यांची आरती पाठ करायचो. वर्षातून हीच एक संध्याकाळ आमची. मग शहरातल्या मोठ्या शाळेतली मुलं बो लावून इंग्रजी गाणी म्हणायची. छत्र्या घेऊन मुली नाचायच्या आणि वरून कापसाचं बर्फ पडायचं. आमच्या नगर जिल्ह्यात बर्फ फक्त रसवंतीत. एक जादूगार कबुतर काढायचा. कापसाची दाढी लावलेला विनोदी नट मूल हरवल्याची नक्कल करायचा आणि दाढी तोंडात गेली की थुंकायचा. आम्ही लोळायचो हसून. खोटं कशाला लिहू, तो कार्यक्रम मला फार आवडायचा. आजही डिसेंबर लागला की मी ती दाढी शोधतो. ज्यांनी तुम्हाला बाहेर उभं केलं त्यांच्याच दिव्यांची आठवण यावी, याची चीड येते. पण आठवण येते.

"कबुतर हागलं होतं बरं का त्याच्या बाहीत," आत्या म्हणते. "टीव्हीत दाखवलं न्हाई त्यांनी. ये, दावते."

ती उठून टीव्हीच्या मागे जाते. मीही जातो. टीव्हीच्या मागे भिंत नाही, भलामोठा हॉल आहे, वर तापलेले दिवे, खाली केबलींचा गुंता. आमचं भजनी मंडळ एका ओळीत उभं आहे, सगळे पांढऱ्या झग्यात. आत्याही झग्यात. लुगड्यात ख्रिस्ती वाटत नाही, असं कुणीतरी म्हणालं होतं म्हणून.

"फार वाईट दिसतो का रं?" ती झगा चिमटीत धरून विचारते. "खिसाच न्हाई ह्याला. चंची ठिवायची कुठं?"

कानाला यंत्र लावलेला एक माणूस हात जोडत येतो. "बाई, गाणं आपण मघाशी रेकॉर्ड केलंय. आता ते वाजेल. तुम्ही फक्त तसेच ओठ हलवा."

"तसेच म्हंजी?"

"मघाशी म्हटलंत तसेच."

"मघाशी म्हनलं ते मघाशीच गेलं की, दादा."

गाणं वाजतं. हॉलभर आत्याचा आवाज, आणि आत्या त्याच्या पुढ्यात उभी. आमच्या भजनात धुपद तेवढं ठरलेलं: *उघडा ठेव दरवाजा.* बाकीच्या ओव्या गाणारणीने त्या वेळी जोडायच्या. कालची ओवी आज कुणी म्हटली तर बाया म्हणतात, शिळं वाढलं. आत्या आताही ताजीच ओवी जोडते. वरून वाजणाऱ्या गाण्यात मेंढरं येतात, तिच्या तोंडात घोंगडी येते. वर *गव्हाणीत निजला गं राजा* संपतं, तरी तिचे ओठ चालूच. माणूस पुन्हा हात जोडतो. पुन्हा गाणं वाजतं. ती तिसरीच ओवी लावते, कारण आता त्या माणसाचे डोळे उपाशी दिसतात म्हणून बाळाला भाकरी द्यायची आहे.

"बाईंच्या तोंडावरून कॅमेरा काढा," वरून कुणीतरी म्हणतं. "मेणबत्ती आहे का?"

आणि आम्ही परत शाळेच्या फरशीवर आहोत. टीव्हीत मेणबत्ती जळतेय. आत्याचा आवाज येतोय आणि मेणबत्ती जळतेय. गाव आत्याचं तोंड बघायला जमलंय आणि मेणबत्ती जळतेय.

"तू शिव्या का नाही दिल्यास त्यांना?" मी ओरडतो. माझा आवाज लहान मुलाचा येतो. "मी असतो तर खुर्ची घातली असती डोक्यात."

"म्हनून तर तुला न्हेलं न्हाई."

"हसू नकोस आत्या."

ती हसत नाही. झगा गेलाय, अंगावर लुगडं आहे. "लागलं मला," ती म्हणते. "न्हाई कसं? पुन्हा यंत्रापुढं तोंड उघडलं का मी? पन ते माझं दुखणं व्हतं. तू का कवटाळून बसलास?"

"त्यांनी आपल्याला पुसलं म्हणून. संध्याकाळी अहरोनराव तीच मेणबत्ती पडद्यावर लावणार. सांग ना, देऊ की नको?"

"तू त्या पेटीकडंच बघतुयास," ती म्हणते. "मागं बघ की, मुडद्या."

मी मान वळवतो. मान जड आहे, दगडी जात्यासारखी, पण वळते.

मागे सगळं गाव आहे. टोप्या काढून उभं राहिलेलं. पेटीतली आत्या ओवी संपवते आणि गाव धुपद उचलतं: *उघडा ठेव दरवाजा.* म्हाताऱ्या, लेकुरवाळ्या, माझा बाप, सगळे. मेणबत्तीकडे कुणाचं लक्ष नाही. आणि त्यांच्या मधोमध, भिंतीला टेकून, इस्तेरआत्या बसलीय. जिवंत, घामेजलेली, पेटीतल्या स्वतःच्या आवाजाला स्वतःच साथ देतेय.

"मी टीव्हीत कुठं व्हते?" ती म्हणते. "शूटिंग करून आले की घरी. तुझ्या मागं बसले व्हते."

मी कधी वळून बघितलंच नव्हतं.

"मग देऊ का?" मी विचारतो. माझा आवाज आता माझाच आहे.

"आवाज दे. ती मेनबत्ती न्हेऊन टाक खड्ड्यात. आन् पोरांना गप बसवून ऐकवू नका. माझी ओवी संपली की उचला."

शाळेला आता छप्पर नाही. फरशीतून ज्वारी उगवलीय, कंबरेएवढी. गाव तिच्यातून चालत चाललंय, गात. आत्या लुगड्यातून टाळ काढते, दोरी माझ्या बोटाला गुंडाळते, घट्ट, आणखी घट्ट.

"दुखतंय गं."

"दुखू दे. सैल बांधला तर निसटतो. वाजीव."

ती नवी ओवी लावते. मी तोंड उघडतो, टाळ वाजवतो, वाजवतच राहतो. ती ज्वारीत पुढे जाते. पाठ दिसते, मग पदर, मग फक्त कणसं हलतात.

"अहो, उठा," करुणा म्हणते. "अहरोनरावांचा फोन आलाय. पडदा बांधायला माणूस आलाय म्हणे. काय सांगू?"

खिडकीत तिरकं ऊन आहे. तिच्या हाताला पिठी लागलीय. नवी ओवी मला आठवत नाही, एक शब्दही नाही.

"पडदा नको म्हणावं," मी म्हणतो. "स्पीकर लावा. चित्र दिसणार नाही, फक्त आवाज. आणि सगळ्यांनी उभं राहून धुपद म्हणायचं."

"आत्याबरोबर?"

"आत्याबरोबर."

ती फोनवर तसंच सांगते. मग पाणी द्यायला वाकते आणि माझा उजवा हात धरून उजेडाकडे ओढते.

"हे कशानं झालं?"

तर्जनीच्या मुळाशी गोल वळ उठलाय, जांभळा, खोल. त्यात सुतळीचा पीळ न् पीळ मोजता येतो.