हाताला आधी कळतं

एखादी गोष्ट आपल्याला कळायच्या आधी ती कळणार आहे हे ज्याला कळतं, असा माणूस साऱ्या रत्नागिरीत एकच, आणि तो नेमका आमच्या शेजारी राहतो. गणिताचे निवृत्त सर. शिकवणं सुटल्यावर त्यांना शिकणं बघायचं वेड लागलं. कुणाचं मूल बुटाची नाडी बांधायला शिकत असलं की हे समोर मोबाइल लावून, वही उघडून बसणार आणि कळण्याचा क्षण सेकंदासकट टिपणार. मध्येच कुणी मदत केलेली त्यांना चालत नाही. एकदा मिरकरवाड्यात एक नवी सून जाळं विणायला शिकत होती, तिच्यासमोर ते सकाळपासून बसले. दुपारी सासू उठून आली. "काय ओ मास्तर, माज्या सुनेकडं काय बगत बसलाव?" "सुनेकडे नाही हो, तिच्या बोटांकडे," सर म्हणाले. या उत्तरानंतर त्यांना वही तिथेच टाकून पळावं लागलं.

"हाताला आधी कळतं, तोंडाला मागाहून," हा त्यांचा सिद्धांत. अपूर्णांकात अडलेल्या मुलीच्या बोटांकडे बघून ते पुटपुटत, "परवा." आणि बरोबर परवाच तिला ते गणित सुटे. हे हसण्यावारी नेण्यापलीकडे गेलं, तेव्हा आळीतल्या बाया त्यांना पाहून पोरांचे हात पदराखाली घ्यायला लागल्या. मीही त्यांच्याशी बोलताना हात खिशात ठेवायचो.

मग माझ्या आईला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, शब्द गेले. उरला फक्त एक: कपाट. चहा कपाट, देव कपाट, मीही कपाट. तिने एकदा मला नावाने हाक मारावी, एवढंच मला हवं होतं. सर रोज चार वाजता येऊन बसत. एकदा न राहवून मी तिला माझं नाव सांगायला गेलो, तर त्यांनी माझं मनगट धरलं. "सांगू नका. त्यांचं त्यांना सापडू दे."

एका दुपारी आई भिंतीकडे बघत "कपाट, कपाट" करत होती. तिचा डावा हात सावकाश वर उठला, हवेत थांबला, आणि कुणाची तरी हनुवटी धरावी तशी बोटं वळली. शाळेत जाताना माझा भांग पाडायला ती अशीच धरायची. मी चार हात लांब होतो, तरी माझ्या हनुवटीला गार बोटं लागली. सरांचा चेहरा पांढरा पडला होता. "तुम्ही त्यांना कळलात," ते म्हणाले. "तोंडाला अजून चार दिवस."

तिसऱ्या दिवशी सकाळी आई गेली. चौथ्या दिवशी चार वाजता सर आले आणि मोबाइल न लावता रिकाम्या खाटेसमोर बसून राहिले. "माझं चुकलं. तुम्हाला नाव सांगू द्यायला हवं होतं," एवढंच बोलले. मला त्यांचा राग आला नाही. ते नसते, तर तो हात उगीच हलतोय असं समजून मी तो पांघरुणात घातला असता.